रिसर्च चॅलेंजला नाव दिलंय? मग आधी एक्सेल बंद करा

गणपती गेले की मला दोन-तीन फोन हमखास येतात. "सर, रिसर्च चॅलेंजला आमची टीम सिलेक्ट झालीय. सुरुवात कुठून करू?" समोरचा एमबीएला असतो, आवाजात उत्साह असतो, आणि लॅपटॉपवर कुठून तरी उतरवलेलं डीसीएफचं (पुढे मिळणाऱ्या रोखीवरून कंपनीची आजची किंमत काढायची पद्धत) टेम्प्लेट उघडलेलं असतं. हे मला न बघता कळतं, कारण आमच्या वेळी आम्हीही तेच केलं होतं. त्याचं फळ काय मिळालं ते पुढे येईलच.

ज्यांना हा प्रकारच नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. सीएफए इन्स्टिट्यूट ही गुंतवणूक क्षेत्रातल्या व्यावसायिकांची जागतिक संस्था विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी 'रिसर्च चॅलेंज' भरवते. जगभरातून हजारभर विद्यापीठं त्यात उतरतात. भारतातली फेरी सीएफए सोसायटी इंडिया घेते. तीन ते पाच जणांचा संघ असतो आणि साधारणपणे एका संस्थेचा एकच संघ जातो, त्यामुळे पहिली चाळणी कॉलेजातच लागते. मग शेअर बाजारात नोंदलेली एक कंपनी तुमच्या पुढ्यात येते. तिचा अभ्यास करायचा, दहा पानांचा अहवाल लिहायचा, शेअर घ्यावा, ठेवावा की विकावा ते सांगायचं आणि टार्गेट प्राइस, म्हणजे तुमच्या मते शेअर किती भावाला जाईल तो आकडा, द्यायची. अहवाल पसंत पडला तर परीक्षकांसमोर दहा मिनिटं बोलायचं आणि पुढची दहा मिनिटं त्यांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं. हे परीक्षक म्हणजे म्युच्युअल फंडात, ब्रोकिंग हाउसमध्ये रोज हेच काम करणारी माणसं. तिथून पुढे गेलात तर आशिया-पॅसिफिकची फेरी आणि शेवटी जागतिक अंतिम फेरी.

पानांची मर्यादा, परिशिष्टं किती, तारखा कोणत्या, यात थोडेफार बदल होत असतात. त्या वर्षीची नियमावली छापून घ्या आणि एकाने ती दोनदा, शेवटपर्यंत वाचा. गेल्या वर्षीच्या सिनियरच्या सांगण्यावर विसंबू नका.

संघ जमवताना

पाचही जण फायनान्सवाले नकोत. बीकॉम किंवा सीए-इंटर झालेला एक हवाच, कारण ताळेबंदातली टीप वाचून "हे इथे का दाखवलंय?" असं त्यालाच सुचतं. कारखाना आतून बघितलेला एखादा इंजिनिअर हवा. आणि एक असा हवा, ज्याला लिहिता येतं आणि जो दुसऱ्याने लिहिलेलं निर्दयपणे कापतो. याची किंमत संघांना शेवटच्या आठवड्यात कळते. पाच जणांनी पाच भाग वाटून घेतले आणि आदल्या रात्री एकत्र चिकटवले की पान तीनवर विक्री १२ टक्क्यांनी वाढते आणि पान सातवर १४. परीक्षक पहिल्यांदा हेच बघतात.

मैत्रीखातर कुणाला घेऊ नका. चार-पाच महिने एकमेकांचं तोंड बघायचंय. दिवाळीत गावी जाणार कोण, कॅम्पस प्लेसमेंटचे इंटरव्ह्यू कुणाचे कधी, हे पहिल्याच बैठकीत कागदावर येऊ द्या. भांडणं होतातच, पण ती निदान कंपनीवरून व्हावीत.

पहिले पंधरा दिवस: फक्त वाचन

कंपनी कळली की लगेच एक्सेलमध्ये आकड्यांचं मॉडेल बांधायला घेऊ नका. गेल्या पाच वर्षांचे ॲन्युअल रिपोर्ट उतरवा, प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन-दोन, आणि गेल्या आठ तिमाहींचे कॉनकॉल. कॉनकॉल म्हणजे निकालानंतर कंपनी विश्लेषकांशी फोनवर बोलते ते. त्याचं लेखी टिपण बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळांवर कंपनीच्या घोषणांमध्ये सापडतं. क्रिसिल, इक्रा, केअर या पतमापन संस्था कंपनीच्या कर्जाला दर्जा देताना काही पानांचं कारण लिहितात, तेही फुकट वाचायला मिळतं. विद्यार्थी तिकडे फिरकत नाहीत, पण कर्ज देणाऱ्याच्या नजरेतून लिहिलेली ती पानं गुळगुळीत नसतात. स्क्रीनरसारख्या साइटवर दहा वर्षांचे आकडे एका पानावर दिसतात. पहिली ओळख करून घ्यायला ते ठीक, पण अहवालात जाणारा प्रत्येक आकडा मूळ ॲन्युअल रिपोर्टवरूनच घ्या.

ॲन्युअल रिपोर्ट मागून पुढे वाचायचा असतो. पुढे चेअरमनचं पत्र आणि हसऱ्या कामगारांचे फोटो असतात, मागे टिपा असतात. आधी ऑडिटरचा अहवाल, विशेषतः त्यातल्या 'की ऑडिट मॅटर्स'. ऑडिटरला स्वतःला कशाची धास्ती वाटली ते तिथे लिहिलेलं असतं. मग संबंधित व्यक्तींशी झालेले व्यवहार: प्रवर्तकाच्या भावाच्या कंपनीकडून कच्चा माल येतो का, परदेशी मूळ कंपनीला रॉयल्टी किती जाते. मग संभाव्य देणी, म्हणजे कोर्टात अडकलेली, उद्या अंगावर येऊ शकणारी रक्कम. आणि मग येणी, म्हणजे उधारीवर विकलेल्या मालाचे अजून यायचे पैसे. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट तीनमध्ये २०२१ साली बदल झाले, तेव्हापासून येण्यांचं वय तक्त्यात द्यावं लागतं: सहा महिन्यांच्या आतली किती, वर्षावरची किती, तीन वर्षांवरची किती. हा तक्ता अर्ध्या पानाचा असतो आणि कित्येकदा अख्ख्या अहवालातली सर्वांत बोलकी जागा तीच असते.

बँकेतली रोख खरी आहे का, हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. वाटू देऊ नका. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटरच्या रामलिंग राजूंनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली, की ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. न मिळालेलं ३७६ कोटींचं व्याजही 'येणं' म्हणून पुस्तकात होतं. म्हणून साधी सवय लावून घ्या: व्याजाचं उत्पन्न भागिले वर्षभरातली सरासरी रोख. उत्तर बँकेच्या मुदत ठेवीच्या दरापासून फार लांब गेलं तर का, ते शोधा. बहुतेक वेळा कारण साधं निघतं. पण भरपूर रोख असून कंपनी कर्ज काढते आहे असं दिसलं, तर तिथे एक तास जास्त घालवा.

लॅपटॉप बंद करून बाहेर पडा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, आणि बहुतेक संघ सगळ्यात कमी वेळ इथेच देतात.

दोनेक वर्षांपूर्वी मी ज्या मुलांना मदत करत होतो, त्यांच्या वाट्याला घरगुती वायरिंगची वायर बनवणारी एक कंपनी आली होती. कंपनीची ओळख पटू नये म्हणून पुढचे आकडे मी बदलून आणि गोल करून देतोय. विक्री १,८०० कोटींवरून २,०७० कोटींवर गेली होती, म्हणजे १५ टक्के वाढ. ब्रोकरांचे अहवाल खूश, शेअर वर. मुलांनीही पहिल्या मसुद्यात 'बाय' लिहून टाकलं होतं, कारण दिलं होतं घरबांधणीतली तेजी.

मी म्हटलं, लोहार चाळीत जाऊन या. क्रॉफर्ड मार्केटजवळचा हा मुंबईचा विजेच्या सामानाचा घाऊक बाजार. मुलं पहिल्या दिवशी भर दुपारी गेली, हातात प्रश्नावली घेऊन. कुणी उभं केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानं उघडता उघडता गेली, प्रश्नावली बॅगेत ठेवून. एका म्हाताऱ्या शेटजींनी कटिंग मागवला. नव्वद मीटरच्या कॉइलचा ढीग दाखवत ते म्हणाले, "तांबं वर जाणार असं कळलं की आम्ही माल भरून ठेवतो. त्यात तुमचं घरबांधणीचं काय?" मग मार्चची गोष्ट निघाली. कंपनीचा माणूस येतो, स्कीम देतो, उधारी पंधरा दिवसांनी वाढवून देतो, आणि वर्षअखेरीला गोडाऊनमध्ये पाय ठेवायला जागा राहत नाही. "प्रायमरी झकास आहे," शेटजी हसले, "सेकंडरीचं विचारू नका." कंपनीने डीलरला विकलं ती प्रायमरी, डीलरने दुकानदाराला विकलं ती सेकंडरी.

एका दुकानदाराचं बोलणं हा पुरावा नव्हे. मुलं अकरा दुकानं फिरली, मग पुण्यात विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत गेली, तिथेही हाच सूर. आता परत यायचं ताळेबंदाकडे. येणी ३०० कोटींवरून ४२५ कोटींवर गेली होती. तीनशेला अठराशेने भागून ३६५ ने गुणा: ६१ दिवसांची उधारी. चारशे पंचवीसला दोन हजार सत्तरने भागा: ७५ दिवस. शेटजींचे पंधरा दिवस टिपांमध्ये जवळपास जसेच्या तसे बसले होते. विक्री १५ टक्क्यांनी वाढली, पण धंद्यातून येणारी रोख घटली होती. आणि त्या वर्षात तांब्याचा, त्यामागोमाग वायरचाही, भाव साधारण दहा टक्क्यांनी वर होता. म्हणजे प्रत्यक्ष विकलेली वायर जेमतेम पाच टक्के जास्त, आणि त्यातलीही बरीच गोडाऊनमध्ये.

मसुद्यातलं 'बाय' खोडून 'सेल' झालं ते त्या आठवड्यात.

बाजारात फिरताना दोन पथ्यं पाळा. आपण विद्यार्थी आहोत, अभ्यासासाठी आलोय, हे पहिल्या वाक्यात सांगा. गिऱ्हाईक असल्याचं सोंग करू नका. आणि कंपनीच्या माणसांशी परस्पर संपर्क साधू नका. मामाचा मित्र त्या कंपनीच्या अकाउंट्समध्ये असेल तर त्याला फोनसुद्धा नको. सेबीचे इनसायडर ट्रेडिंगचे २०१५ चे नियम आहेतच, शिवाय स्पर्धेतही फक्त सर्वांसाठी खुली असलेली माहिती चालते. संघातल्या कुणाच्या डीमॅटमध्ये तो शेअर असेल तर आधीच सांगून टाका, आणि स्पर्धा संपेपर्यंत त्याला हात लावू नका.

मत एका दमात सांगता येतंय का

आता तुमच्याकडे ढीगभर माहिती आहे. तिचं करायचं काय? मी संघांना एक काम सांगतो: आपलं म्हणणं मराठीत, चार वाक्यांत, शेअर बाजाराशी काही संबंध नसलेल्या माणसाला सांगा. आत्याला सांगा, मेसवाल्या काकूंना सांगा. वायरवाल्या मुलांचं असं होतं:

"ही कंपनी घरातली वायर विकते. विक्री पंधरा टक्क्यांनी वाढली म्हणून लोक तिचा शेअर चढ्या भावाने घेतायत. पण त्यातला मोठा वाटा तांबं महागल्याचा आहे, आणि बराच माल दुकानदारांकडे न विकता पडलाय. तो संपेपर्यंत नवीन माल कमी उचलला जाणार, आणि ते निकालात दिसलं की शेअर उतरणार."

यात कंपनी चांगली की वाईट याचा निवाडा नाही, शेअरच्या भावाशी भांडण आहे. बाजार काय धरून चाललाय, आम्हाला काय वेगळं दिसतं, आणि ते सगळ्यांना कधी दिसेल. या तिन्हींची उत्तरं नसतील तर दहा पानांत कंपनीची माहितीपुस्तिका तयार होते, अहवाल होत नाही. "कंपनी मार्केट लीडर आहे, मॅनेजमेंट अनुभवी आहे, म्हणून बाय" असं लिहिलेले अहवाल परीक्षकांना गठ्ठ्याने मिळतात. मार्केट लीडर आहे हे बाजारालाही ठाऊक आहे, आणि त्याचे पैसे शेअरच्या भावात आधीच मोजलेले आहेत.

तुमचं मत सगळ्या ब्रोकरांसारखंच निघालं तरी हरकत नाही. ओढूनताणून वेगळं काढू नका. पण मग ते वेगळ्या वाटेने सिद्ध करा. आणि 'होल्ड' म्हणजे पळवाट नव्हे, तरी त्याचा बचाव सगळ्यात अवघड असतो. दहा मिनिटांत परीक्षक चारदा विचारतील, नक्की म्हणायचंय काय?

आता एक्सेल उघडा

मॉडेल लहान ठेवा. नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि रोख प्रवाह, तिन्ही एकमेकांशी जोडलेली, आणि ताळेबंद दरवर्षी जुळतोय हे दाखवणारी एक ओळ. हाताने भरलेले आकडे निळ्या अक्षरांत, सूत्रं काळ्या, हा या धंद्यातला रिवाजच आहे. शेजारच्या सेलमध्ये आकडा कुठून आला ते लिहा: कुठला रिपोर्ट, कुठलं पान. रात्री दोनला आठ टक्के वाढ कुणी आणि का टाकली, हे डिसेंबरात कुणालाच आठवत नाही.

विक्रीचा अंदाज 'गेल्या वर्षीपेक्षा दहा टक्के जास्त' असा नका काढू. किती नग, काय भाव, किती कारखाने, किती क्षमता वापरात, असा तळातून बांधा. असं बांधलं की परीक्षकाने "तांबं वीस टक्क्यांनी पडलं तर?" असं विचारल्यावर एक सेल बदलून उत्तर देता येतं.

डीसीएफची एक खोड समजून घ्या. समजा पुढच्या पाच वर्षांत कंपनीच्या हातात मोकळी रोख पडेल ६०, ७०, ८०, ९० आणि १०० कोटी. भांडवलाचा खर्च, म्हणजे पैसे पुरवणाऱ्यांना अपेक्षित असलेला परतावा, १२ टक्के, पाचव्या वर्षानंतरची कायमची वाढ ५ टक्के. पाचव्या वर्षाअखेरचं मूल्य म्हणजे सहाव्या वर्षाची रोख १०५ भागिले ०.०७ (१२ वजा ५ टक्के), म्हणजे १,५०० कोटी. सगळं आजच्या किमतीत आणलं की पाच वर्षांच्या रोखीचे होतात २८० कोटी आणि त्यापुढच्या अनंत काळाचे ८५० च्या आसपास. एकूण ११३० कोटी, आणि त्यातला पाऊण भाग अशा वर्षांचा, ज्यांचा तुम्ही अंदाजसुद्धा केलेला नाही. आता भांडवलाचा खर्च १२ चा ११ करा आणि वाढ ५ ची ६. एकूण होतं साधारण १५४५ कोटी. धंदा तोच, यंत्रं तीच, वायर तीच, फक्त दोन सेल एकेका टक्क्याने हलले आणि किंमत ३७ टक्क्यांनी वर गेली. परीक्षकांना हे तोंडपाठ असतं. बाराच टक्के का, पाचच का, हा प्रश्न येणार म्हणजे येणारच.

म्हणून उलटही करून बघा. आजचा भाव बरोबर आहे असं धरून चाललं तर किती वाढ गृहीत धरावी लागते ते मॉडेलला विचारा. उत्तर 'पुढची दहा वर्षं १८ टक्के' असं आलं, तर ती कंपनी मागच्या दहा वर्षांत कधी तेवढी वाढली होती का, एवढं दाखवलं तरी पुरे. सोबत तुलनात्मक मूल्यांकन, म्हणजे तशाच कंपन्यांशी ताडून काढलेली किंमत, हवंच: पीई (भाव भागिले शेअरमागचा नफा) किंवा ईव्ही-एबिटा (कर्ज धरून कंपनीची किंमत भागिले व्याज, कर आणि घसाऱ्याआधीचा नफा). पण शेजारी बसवलेल्या कंपन्या खरंच सारख्या आहेत का ते बघा. घरगुती वायर विकणारी आणि सरकारी टेंडरवर जाड केबल पुरवणारी, दोघी एकाच 'केबल' सदरात असल्या तरी एकीची उधारी दुसरीच्या दुप्पट असू शकते.

मॉन्टे कार्लो, म्हणजे गृहीतकं नशिबाच्या फाशांसारखी बदलत मॉडेल हजारो वेळा फिरवणं, करायचंय? करा, परिशिष्टात टाका. दहा हजार वेळा फिरवल्याने चुकीचं गृहीतक बरोबर होत नाही. आणि पोर्टरचे पाच घटक (उद्योगातली स्पर्धा जोखायची चौकट) पूर्ण पानभर काढणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. ते षटकोन-पंचकोन सुंदर दिसतात, त्यांतून टार्गेट प्राइसचा एक रुपया बदललेला मी अजून पाहिला नाही.

आता आमची फजिती. आमच्या वर्षी भाव होता ४१० आणि आमचं टार्गेट आलं ७९०. दोन दिवस आम्ही हवेत. कॅन्टीनमध्ये पार्टीही झाली. तिसऱ्या दिवशी संघातल्या सीए-इंटर झालेल्या मैत्रिणीने शांतपणे विचारलं, "शेअरची संख्या कुठून घेतलीय?" मागच्या मार्चच्या ॲन्युअल रिपोर्टमधून. आणि मधल्या काळात कंपनीने एकास एक बोनस दिला होता. शेअर दुप्पट झाले होते, बाजारातला भाव त्यानुसार निम्मा झाला होता, आमच्या मॉडेलला पत्ताच नव्हता. खरं उत्तर ३९५. म्हणजे 'बाय' तर नाहीच, धड 'होल्ड'सुद्धा ओढूनताणून. बोनस, स्प्लिट (एका शेअरचे तुकडे), ईसॉप (कर्मचाऱ्यांना दिलेले शेअर), बायबॅक (कंपनीने स्वतःचे शेअर परत घेणं): शेअरची संख्या शेवटच्या तिमाहीच्या शेअरहोल्डिंग पॅटर्नवरून घ्या आणि दोघांनी वेगवेगळी तपासा. तसंच कर्ज कन्सॉलिडेटेड (उपकंपन्यांसह) ताळेबंदातून आणि रोख स्टँडअलोनमधून (एकट्या कंपनीच्या), ही खिचडीही नेहमी होते.

कारभार आणि जोखीम

कंपनीच्या कारभारालाही गुण असतात, तरी संघ हा भाग वेबसाइटवरून उचलतात. तीन गोष्टी नेमक्या बघा: प्रवर्तकांनी किती शेअर गहाण ठेवलेत (दर तिमाहीला जाहीर होतं), ऑडिटर मुदतीआधी सोडून गेला का, आणि स्वतंत्र संचालक किती वर्षांपासून आहेत. पर्यावरण आणि समाजाविषयीच्या माहितीसाठी बाजारमूल्याने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर अहवाल देणं बंधनकारक झालं, तो उघडा. पाणी किती वापरलं, अपघात किती झाले, कंत्राटी कामगार किती, हे तिथे आकड्यांत असतं.

जोखमी लिहिताना "अर्थव्यवस्था मंदावली तर" वगैरे वाक्यं काढून टाका. प्रत्येक जोखमीपुढे टार्गेट प्राइसमध्ये किती रुपयांचा फरक पडेल तो आकडा लिहा. आकडा लिहिता येत नसेल तर ती जोखीम बहुधा शोभेची आहे.

दहा पानं

पहिलं पान हेच खरं पान. शिफारस, आजचा भाव, टार्गेट, आणि कारणं फार तर तीन. परीक्षकाने फक्त तेवढंच वाचलं तरी तुमचं भांडण त्याला कळलं पाहिजे. प्रत्येक आलेखाचं शीर्षक निष्कर्ष सांगणारं द्या. 'येण्यांचे दिवस' असं लिहिण्याऐवजी 'वर्षभरात उधारी १४ दिवसांनी लांबली' असं लिहा. शेवटी हितसंबंधांबाबतचं ठरावीक निवेदन जोडायचं असतं, ते विसरू नका.

अहवाल इंग्रजीत लिहावा लागतो, आणि मराठी माध्यमातून आलेली मुलं इथे उगाच बिचकतात. मला आलेला अनुभव उलटा आहे. भारदस्त इंग्रजीच्या नादात लांबलचक वाक्यं तीच लिहितात, ज्यांना इंग्रजी छान येतं. तुम्ही छोटी वाक्यं लिहा. कर्ता, क्रियापद, आकडा. परीक्षक एका बैठकीत कितीतरी अहवाल वाचतात, ते तुम्हाला दुवा देतील.

मेंटॉरचा, म्हणजे संघाला मिळणाऱ्या मार्गदर्शकाचा, वेळ नियमाने मोजून मिळतो. तो "एबिटा म्हणजे काय" विचारण्यात घालवू नका. त्याला भेटायला जाण्याआधी दोन दिवस मसुदा पाठवा आणि एवढंच विचारा: "यात सगळ्यात कच्चं काय आहे?" मेंटॉर किंवा प्राध्यापकांनी अहवाल लिहून द्यायचा नसतो, आणि दिला तर तो प्रश्नोत्तरांत उघडा पडतोच. आणि तयार झालेला अहवाल टिप म्हणून टेलिग्राम ग्रुपवर टाकू नका. लोकांना शेअरचे सल्ले देणं हा सेबीच्या २०१४ च्या रिसर्च ॲनालिस्ट नियमांखालचा, नोंदणी करून करायचा व्यवसाय आहे.

दहा मिनिटं बोलणं, दहा मिनिटं उत्तरं

परीक्षकांसमोरच्या अंतिम फेरीला पोचलात तर अहवाल स्लाइडवर उतरवू नका. परीक्षकांनी तो वाचलाय. दहा मिनिटांत फक्त भांडण मांडा: बाजार काय म्हणतो, आम्ही काय म्हणतो, पुरावा काय, किंमत किती, आम्ही कुठे चुकू शकतो. फोनवर स्टॉपवॉच लावून वीस वेळा म्हणा. आमच्यातला एक जण विरार लोकलमध्ये दाराशी उभा राहून म्हणायचा. तेवढ्या गोंगाटात ज्याचं वाक्य अडखळत नाही, त्याचं हॉलमध्ये अडखळत नाही.

खरी परीक्षा प्रश्नोत्तरांची. दिवाळीनंतर दर शनिवारी सिनियर, प्राध्यापक, कुणाचे तरी बँकेत असलेले काका, यांना बसवा आणि वाटेल ते विचारू द्या. प्रत्येक प्रश्न वहीत उतरवा. महिनाभरात साठ-सत्तर प्रश्न होतात, आणि अंतिम फेरीतले निम्मेअधिक त्यांतलेच निघतात. त्यांची उत्तरं देणाऱ्या जादा स्लाइड मागे जोडून ठेवा, आणि कुठल्या प्रश्नाला कितवी स्लाइड हे एकाला पाठ हवं. "हं, एक मिनिट..." करत माउस खालीवर करण्यात तीस सेकंद जातात. सहाशेपैकी तीस.

कोण कुठल्या विषयाला उत्तर देणार ते आधी ठरवा, पण उत्तर देणाऱ्याचं झाल्यावर दुसऱ्याने "मला यात थोडी भर घालायचीय" म्हणून उठू नये. भर घातली की पहिलं उत्तर अपुरं होतं हे तुम्हीच सांगता. उत्तर आधी एका वाक्यात द्या, कारण नंतर. येत नसेल तर "हा मुद्दा आम्ही तपासलेला नाही, पण तो या गृहीतकावर परिणाम करेल" असं म्हणा आणि थांबा. वायरवाल्या मुलांना शेवटचा प्रश्न आला होता, "तुमचं मत बदलायला काय व्हावं लागेल?" त्यांच्यातली सर्वांत अबोल मुलगी उठली. "सलग दोन तिमाहींत येणी ६५ दिवसांखाली आली, तर आम्ही 'सेल' मागे घेऊ." आणि ती बसली. परीक्षकांनी वही मिटली.

निकाल काहीही लागो, चहाच्या वेळी परीक्षकांना गाठा आणि अहवालात कुठे वाचन थांबवावंसं वाटलं ते विचारा. निवांतपणी, हातात बिस्किट असताना, ते खरं सांगतात. आणि एक्सेलची फाइल पुसू नका. कंपनीचा पुढचा निकाल कोणत्या तारखेला आहे ते कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा आणि त्या संध्याकाळी येण्यांची ओळ उघडून बघा.